मास्क गेला की या

चष्मा बसवायचा म्हणजे समोरच्या माणसाच्या किती जवळ जावं लागतं, याचा विचार तुम्ही कधी केला नसेल. मीही केला नव्हता. माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात हेच काम करायचा, आणि एकदा माझाच चष्मा घेऊन मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले तेव्हा कळलं. त्याचं नाक माझ्या नाकापासून वीतभर, दोन्ही हात माझ्या कानांमागे. नाकावर टेकतात त्या दोन इवल्याशा गाद्या सारख्या बसल्यात की नाहीत हे बघताना तो श्वास रोखून धरायचा. मी मात्र तेवढ्या वेळात त्याला कचेरीतली सगळी भांडणं सांगून टाकली.

"ताई, तोंड मिट," तो म्हणाला. "बोललीस की कान हलतात."

नंबर काढायचं काम डॉक्टरचं, फ्रेम विकायचं काम मालकाचं. भावाचं काम त्याच्या पुढचं. काच घासून फ्रेममध्ये बसवायची, दांड्या गरम हवेवर धरून मऊ करायच्या आणि त्या त्या माणसाच्या डोक्याप्रमाणे वळवायच्या. कुणाचेही दोन कान एका उंचीवर नसतात, हे त्याचं ठाम मत होतं. माझे तर मुळीच नाहीत, असं तो चारचौघांत सांगायचा. गिऱ्हाइकं त्याच्यावर खूश असायची. मालक म्हणायचा, "माझ्याकडे लोक फ्रेम बघायला येतात आणि याच्या खुर्चीसाठी परत येतात." मालक कंजूष होता, पण माणूस वाईट नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर जरा तोंड सोडणार आहे.

आम्ही एकाच घरात राहतो. खाली मी एकटी, वरच्या मजल्यावर भाऊ, त्याची बायको आणि त्यांची शाळकरी मुलगी. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचे फोन घेते. दिवसभर लोक मला नको नको ते बोलतात आणि मी ते थोडी भर घालून साहेबांपर्यंत पोचवते. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. भाऊ अगदी उलटा. त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर तोच "सॉरी" म्हणेल.

तिशी ओलांडायच्या आत त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, असं वर्ष काढल्यावर किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांच्या तपासण्या केल्या. माझी किडनी जुळली. मी म्हटलं, घ्या. त्यात मोठेपणा काही नव्हता. दोन होत्या, एकीनं भागतं असं त्याच म्हणाल्या होत्या. भाऊ मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ढसाढसा रडला आणि त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द बोलला नाही. मीठ जपून खायचा, पाणी ठरल्याप्रमाणे प्यायचा, गोळ्या घड्याळ लावून घ्यायचा. दुकानात मालकाशिवाय कुणालाच त्यानं ते सांगितलं नव्हतं. "लोक बिचारा म्हणतात आणि मग फ्रेमकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात," एवढंच त्याचं म्हणणं.

त्या गोळ्यांचं थोडं सांगावं लागेल. आपलं शरीर भारी मानी असतं. परकी वस्तू आत आली की तिला हाकलून द्यायला उठतं. ते उठू नये म्हणून गोळ्या घेऊन त्याला जन्मभर झोपवून ठेवायचं. पण राखणदार झोपला की चोरही बिनधास्त आत येतो. साधी सर्दी आम्हाला झाली तर रुमाल लागतो, त्याला झाली तर खाट. साथ आली तेव्हा सगळं जग घाबरलं. आमच्या घराची तर पाचावर धारण बसली.

लस आली तेव्हा आम्ही त्याला पहिल्या दिवशीच नेलं. मग रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "तुमच्या अंगानं लस मनावर घेतलेली दिसत नाही." पुन्हा टोचली. पुन्हा रक्त. पुन्हा तेच. भाऊ हसून म्हणाला, "घरात माझं कुणी ऐकत नाही, अंग तरी कशाला ऐकेल?" त्याच्या बायकोला हसू आलं नाही. मलाही नाही.

तरीसुद्धा, खोटं कशाला बोलू, साथीची ती दोन वर्षं आम्हाला फार जड गेली नाहीत. का, ते सांगते. ज्या गोष्टी आम्ही गुपचूप करत होतो, त्या सगळं जग उघडपणे करायला लागलं होतं. हात धुवा, लांब राहा, तोंड झाका. पूर्वी भाऊ गर्दीत मास्क लावायचा तेव्हा पोरं मागे वळून बघायची. आता सगळेच त्याच्यासारखे झाले होते. दुकानात मालकानं काउंटरवर प्लास्टिकचा जाड पडदा लावला, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, एका वेळी एकच गिऱ्हाईक आत. खुर्चीत बसणाऱ्याचं तोंड झाकलेलं, भावाचंही झाकलेलं, आणि बोलायचं नाही असा नियम. त्या नियमामुळे तर तो मनातून खूशच होता.

अडचण एकच होती. मास्क लावला की चष्म्याच्या काचांवर वाफ धरते. लोक वैतागून यायचे. भावाला स्वतःलाही चष्मा होता, त्यानं त्यावर उपाय काढला. नाकावरच्या गाद्या जरा रुंद करायच्या, म्हणजे चष्मा मास्कच्या कडेवर बसतो. दांड्या कानामागे सैल सोडायच्या, म्हणजे मास्कच्या दोऱ्यांवर ताण येत नाही. बघता बघता अर्ध्या गावाचे चष्मे त्यानं असे मास्कवर बसवून दिले. पण हे काम त्याच्या जिवाला लागायचं. मास्क काढला की तोच चष्मा घसरून ओठावर येणार, हे त्याला दिसत असायचं. म्हणून तो प्रत्येकाला सांगायचा, "मास्क गेला की या. परत नाकावर बसवून देतो, पैसे नाहीत."

प्रत्येकाला. एकालाही सोडलं नाही.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की सोमवारपासून सगळे निर्बंध उठले. मास्क ऐच्छिक. आम्ही सगळे वर त्यांच्या खोलीत होतो. खाली रस्त्यावर कुणीतरी शिट्टी मारली, गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. बातम्या सांगणारी मुलगी छान हसून म्हणाली, "ज्यांना आधीपासून गंभीर आजार आहे त्यांनाच आता धोका आहे, इतरांनी घाबरण्याचं कारण नाही."

मी खोलीत नजर फिरवली. ते 'ज्यांना' आमच्याकडे पाटावर बसून गोळ्यांची डबी भरत होते.

"म्हणजे संपलं?" भाचीनं विचारलं.

तिच्या आईनं उठून टीव्ही बंद केला. मी त्या 'ऐच्छिक' शब्दावर बराच वेळ तोंडसुख घेतलं. इच्छा दुसऱ्याची आणि जीव माझ्या भावाचा, हा कुठला न्याय? भाऊ ऐकत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. गोळ्या चुकीच्या कप्प्यात पडल्या होत्या, त्या तो परत काढत होता. सुईच्या टोकाएवढा स्क्रू चिमट्यात अचूक धरणारी त्याची बोटं.

"रजा काढ," मी म्हटलं.

"किती दिवस, ताई? हे महिन्या-दोन महिन्यांचं नाही. हा रोग आता कुठे जाणार नाही. मग मी काय, म्हातारा होईपर्यंत या खोलीत बसू?"

"बस! काय बिघडलं?"

"आणि मी त्या सगळ्यांना या म्हटलंय," तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला.

सोमवारी तो दुकानात गेला तर प्लास्टिकचा पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा होता आणि मालक काच पुसत होता. "लोकांना आता मोकळं वाटलं पाहिजे," मालक म्हणाला. "दोन वर्षं दुकान मेल्यासारखं होतं." ते खोटं नव्हतं. पण पडदा राहू दे म्हटलं तर त्याचं काय जाणार होतं, हे मला अजून कळलेलं नाही. भावाचा मास्क त्यानं काढायला लावला नाही, एवढं मात्र खरं.

आणि बाहेर रांग. सगळ्यांचे चष्मे घसरलेले, सगळे खुशीत, आणि सगळ्यांची तोंडं उघडी.

रात्री भाऊ माझ्याकडे खाली आला, दाराशीच स्टूल घेऊन बसला. "ताई, माणसांची तोंडं किती मोठी असतात गं," तो म्हणाला. त्याला एकही माणूस धड ओळखू आला नव्हता. दोन वर्षं डोळे आणि कानच बघितलेले. आता खाली दात, हिरड्या, ओल्या जिभा. दुकानात सकाळी ऊन येतं त्या बाजूला खुर्ची आहे. उन्हात बोलणाऱ्याच्या तोंडातून उडणारे तुषार त्याला दिसत होते. एकेक कण चमकून खाली बसताना दिसत होता, असं तो म्हणाला, आणि त्याच कणांत हात घालून त्याला लोकांचे कान चाचपायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं युक्ती केली. गिऱ्हाइकाला आरशासमोर बसवायचं आणि आपण त्याच्या पाठीमागे उभं राहायचं. आरशात बघून मागूनच दांड्या वळवायच्या. तोंडावर एकावर एक असे दोन मास्क. लोकांना गंमत वाटायची. "काय हो, न्हाव्याकडे आलोय की चष्मेवाल्याकडे?" कुणी म्हणायचं, "अजून घाबरता? गेला आता तो!" एकानं तर सरळ विचारलं, "तुम्हाला काही झालंय का? नाही, म्हणजे आम्हाला नको व्हायला." भाऊ सगळ्यांना एकच सांगायचा, "सवय झालीय हो."

घरात आमचे हाल विचारू नका. तो आला की सगळे कपडे बाहेरच्या बादलीत, आंघोळ, मग खिडकीशी एकट्याचं ताट. त्याच्या घशात घास अडकला तरी आख्खं घर थांबायचं. भावजय तो झोपला की त्याच्या कपाळाशी हात नेऊन, न टेकवता ऊब बघायची. भाचीनं शाळेत मास्क काढला नाही म्हणून मुली तिच्याशी खेळेनाशा झाल्या. मी कचेरीत शेजारची बाई शिंकली की खुर्ची घेऊन जिन्यात जायचे. एकदा मीच शिंकले आणि त्या रात्री घरी न जाता मैत्रिणीकडे राहिले. सगळं मिरपुडीमुळे होतं, नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात दुकानात गणिताच्या बाई आल्या.

बाईंनी आम्हा दोघांनाही शिकवलंय. आता निवृत्त, एकट्या राहतात, ताठ चालतात. त्यांच्यापुढे भाऊ अजून पहिल्या बाकावरचा मुलगाच. बाई शहाण्या, येताना मास्क लावून आल्या. पण चष्मा नाकावर बसवायचा म्हणजे मास्क काढायला हवा, म्हणून खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. "घसा जरा धरलाय रे," त्या म्हणाल्या. "पंख्याखाली झोपले."

त्याच क्षणी त्यानं बाजूला व्हायला हवं होतं. मालकाला हाक मारायची, बाहेर जायचं, काहीही. पण शाळेत ज्यांच्यासमोर उभं राहून बोलायची हिंमत नव्हती, त्या बाईंना "तुम्ही परत जा" कसं म्हणणार? त्यानं त्यांना आरशासमोर फिरवलं आणि मागून दांड्या केल्या. मग बघतो तर नाकावरच्या एका गादीचा स्क्रूच निसटलेला. ते काम मागून होत नाही. ते समोर बसून, वीतभरावरून, श्वास रोखूनच होतं.

तो समोर बसला. दोन मास्कांमुळे त्याच्या स्वतःच्याच चष्म्यावर वाफ धरली. अर्ध्या गावाची वाफ घालवणारा माणूस, आणि स्वतःला स्क्रू दिसेना. पुसली, परत धरली. बाई वाट बघत होत्या. त्यानं दोन्ही मास्क हनुवटीवर ओढले, फक्त तेवढ्यापुरते.

"अरे!" बाई आनंदानं म्हणाल्या. "किती दिवसांनी तोंड दिसलं तुझं! केवढा वाळलास!" आणि तोंडावर हात धरून, मान वळवून, अगदी सभ्यपणे खोकल्या. मग त्याच हातानं त्यांनी त्याचा गाल थोपटला.

हे सगळं मला नंतर कळलं. दोन दिवसांनी बाईंच्या भाच्याचा दुकानात फोन आला, की आत्याला तो रोग निघालाय, तुम्ही जरा लक्ष ठेवा. भाऊ तसाच घरी आला. वर गेला नाही. अंगणात उभा राहून त्यानं मला हाक मारली आणि मी दार उघडायला लागले तर ओरडला. तो माझ्यावर कधी ओरडत नाही. "उघडू नको! त्या दोघींना खाली घे. मी मागच्या जिन्यानं वर जातो."

त्या दोघी माझ्याकडे आल्या आणि तो वर एकटा. जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचं, खाली यायचं, मग दार उघडल्याचा आवाज. संध्याकाळी मी अंगणात उभी राहून त्याच्या खिडकीशी बोलायचे. तेव्हाच त्यानं बाईंचं सांगितलं. मी इतकी भडकले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"बाईंना सांगता आलं नाही तुला? तोंडानं? इतका मोठा घोडा झालास!"

"त्यांनी गाल थोपटला गं," तो म्हणाला. "मला बरं वाटलं होतं."

दोन वर्षांत त्याच्या गालाला घरातल्या कुणीसुद्धा हात लावला नव्हता.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. भाचीनं भिंतीवर टकटक करायची, वरून तो टकटक करायचा, हा त्यांचा खेळ चालायचा. आम्हाला वाटायला लागलं, चुकवलं आपण. मग एका सकाळी ताट तसंच राहिलं. भावजय जिन्याखाली उभी राहून हाका मारत होती आणि वरून खोकल्याचा आवाज येत होता, कोरडा, न थांबणारा. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी फोन उचलून हॉस्पिटलला गाडी पाठवायला सांगितलं.

हॉस्पिटलची गाडी आली. तो स्वतःच्या पायांनी खाली उतरला, मास्क लावून, हातात गोळ्यांची डबी. आम्ही तिघी खिडकीत. त्यानं मुलीला हात केला आणि मग माझ्याकडे बघून पोटाला, उजव्या बाजूला, हात लावला. दुखतंय का, असं मी खुणेनं विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मला काही कळलं नाही.

मला हॉस्पिटलात येऊ नका असं सांगितलं, मलाही एकच किडनी आहे म्हणून. भावजय गेली, आणि तिलाही काचेबाहेर बसवलं. मी घरी भाचीला घेऊन. गणिताच्या बाई तोवर उठून हिंडायला लागल्या होत्या; थोडी सर्दी, थोडी अंगदुखी, संपलं. त्यांनी फोन करून भावाची चौकशी केली. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला खूप होतं, पण त्या रडत होत्या.

हॉस्पिटलातून भावजयीचे फोन यायचे. ऑक्सिजन लावलाय. ताप उतरत नाही. फुप्फुसावर डाग दिसतोय. मग फोन आला तो डॉक्टरीणबाईंचा निरोप घेऊन. त्या गोळ्यांतली मुख्य गोळी बंद करायची होती. झोपवलेलं शरीर उठवायचं, म्हणजे ते रोगाशी चार हात करेल. पण एकदा उठलं की ते किडनीवरही धावून जाणार. किती नुकसान करेल, सांगता येत नाही. कदाचित पार घालवेल.

"मग बंद करा!" मी म्हटलं. "वाट कसली बघताय?"

"ते नको म्हणतायत," भावजय म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "मी हात जोडले, ताई. डॉक्टर रागावल्या. कुणाचं ऐकत नाहीत. म्हणतात, आधी ताईशी बोलू द्या."

तिनं नर्सकडून फोन आत पाठवला. मला आधी नुसता ऑक्सिजनचा फसफस आवाज ऐकू आला. भाची माझ्याजवळ येऊन माझ्या पदराचं टोक धरून उभी राहिली.

"ताई," तो म्हणाला. एका शब्दाला एक श्वास. "गोळी बंद करायची म्हणतायत."

"कळलं मला. कर ना मग."

"किडनी जाईल."

"जाऊ दे!"

"तुला... विचारल्याशिवाय कशी जाऊ देऊ?"

मला तोवर वाटत होतं की तो जिवाला भीत होता. इतकी वर्षं तो मीठ तोलून खात होता, घड्याळ लावून गोळ्या घेत होता, लोकांच्या तोंडातले तुषार मोजत होता, ते सगळं मरणाच्या भीतीनं, असंच मी धरून चालले होते. तो भीत होता ते माझी वस्तू त्याच्या हातून फुटेल म्हणून. गाडीत बसताना पोटाला, माझी किडनी बसवली होती तिथे, हात लावून तो मला हेच सांगत होता, की सांभाळतोय.

"आता दुसरी नाहीये ना तुझ्याकडे," तो म्हणाला.

मी किंचाळले. दुसरा शब्द नाही त्याला. "गाढवा, ती किडनी सांभाळायला मी तुला ठेवलं होतं का? तुला सांभाळायला ती दिली होती! गेली तर जाऊ दे, मशीन आहे, मी रोज तुला घेऊन जाईन, पाठीवर घेऊन जाईन! बंद कर म्हणून सांग त्यांना. आत्ता. मला ऐकू येईल असं. नाहीतर मी तिथे येईन, मला येऊ नको म्हटलंय तरी येईन!"

फसफस चालू होती. मग लांबून त्याचा आवाज आला, नर्सला म्हणत होता, "ताई हो म्हणाली." आणि फोन बंद झाला. भाची माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. मी खालीच बसले आणि तिला जवळ घेतलं.

गोळी बंद झाली. मग जे दिवस गेले त्यांचं मला नीट सांगता येणार नाही. फोन वाजला की भीती, नाही वाजला की जास्त भीती. ताप आधी उतरला. मग ऑक्सिजन कमी केला. त्याच सुमाराला रक्ताचे आकडे बिघडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. किडनी गेली नाही, पण पहिल्यासारखी राहिली नाही. किती वर्षं काढेल, विचारलं तर त्या म्हणाल्या, "जपा. पुन्हा असं काही झालं तर मात्र कठीण आहे."

पुन्हा न व्हायला रस्त्यावर काय बदललं होतं? काही नाही. तो घरी आला त्या दिवशी आमच्या गल्लीत लोक दारादारांत उभे राहून मोठमोठ्यानं बोलत होते, हसत होते, एक माणूस तोंडावर हात न धरता शिंकला आणि स्वतःच दचकून हसला. भाऊ गाडीतून उतरला. कपडे अंगावर लोंबत होते. मी अंगणात उभी होते, मास्क लावून. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हात लावला, दंडाला धरलं. नुसतं हाड.

"ताई," तो मान खाली घालून म्हणाला, "अर्धीच राहिली गं."

इतकं बोलायचं ठरवलं होतं मी. कचेरीत बसून वाक्यंच्या वाक्यं रचली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"असू दे," मी म्हटलं.

भावजय पुढे जाऊन दार उघडत होती, भाची पायऱ्यांवर वाट बघत होती. मी त्याला धरून वर नेऊ लागले. तो प्रत्येक पायरीवर थांबत होता, दम घेत होता, आणि मागे रस्त्यावर कुणीतरी खोकत होतं. मी त्याला घट्ट धरून ठेवलं होतं. मनात एकच चाललं होतं, पुढच्या वेळी याला मी काय देऊ?